मागे पडलेली मुलं आणि आपली संशोधन केंद्रं: नागपुरात एकत्र काम उभं करायचं तर

अमरावती रोडवरचा विद्यापीठाचा परिसर आणि दक्षिण अंबाझरी रोडवरची व्हीएनआयटी ही अभियांत्रिकी संस्था यांच्यात दुचाकीने जेमतेम दहा मिनिटांचं अंतर. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा, म्हणजे 'मेडिकल'चा चौकही तिथून फार लांब नाही. मिहानमधलं एम्स तेवढं जरा दूर. चौथीत पोचूनही धड वाचता न येणाऱ्या मुलासाठी जे जे ज्ञान लागतं (मानसशास्त्र, भाषाशास्त्र, संख्याशास्त्र, बालरोग, मानसोपचार, संगणक), ते जवळजवळ सगळं एवढ्या पट्ट्यात बसलेलं आहे. आणि ही मंडळी एकमेकांना भेटतात कुठे, तर दिल्ली-पुण्याच्या परिषदांमध्ये, चहाच्या रांगेत.

एखाद्या विभागात, प्रयोगशाळेत किंवा अध्यापक महाविद्यालयात बसून 'आपण काहीतरी एकत्र करायला हवं' असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी हा लेख आहे. विभागप्रमुख असाल तर उत्तम, पीएचडीचे विद्यार्थी असाल तरी चालेल. किंबहुना असं काम बहुतेक वेळा विद्यार्थीच ओढून नेतात.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: सामंजस्य कराराने सुरुवात करू नका. करार होतो, फोटो निघतो, फाइल कपाटात जाते. सुरुवात तीन कागदांनी करा. मुलांची एकच यादी, सगळ्यांनी मान्य केलेली एकच चाचणी आणि शाळेच्या सोयीने आखलेलं एकच वेळापत्रक. हे तीन कागद सगळ्या केंद्रांच्या टेबलावर सारखेच असले, की सहकार्य सुरू झालं. बाकी सगळं मागाहून येतं.

पहिली पायरी: मागे, म्हणजे कशामुळे मागे?

कोणत्याही प्राथमिक शाळेत गेलात की तिसरी-चौथीच्या वर्गात मागच्या बाजूला चार-दोन मुलं अशी दिसतात, की ज्यांच्याकडे बोट दाखवून बाई म्हणतात, 'सर, हे वाचतच नाही.' सरकारी कागदावर कधीकाळी त्यांना सरसकट 'अप्रगत' म्हणत. पण त्या चार मुलांची चार कारणं असतात, आणि कोणतं केंद्र कामाला लावायचं हे त्या कारणावर ठरतं. म्हणून बैठक बोलावण्याच्या आधी ही कारणं नीट डोक्यात घ्या.

सगळ्यात आधी डोळे आणि कान. फळ्यावरचं दिसत नाही म्हणून शेजारच्याच्या वहीतून उतरवून घेणारं मूल वर्षानुवर्षं 'लक्ष नाही' या शेऱ्याखाली निघून जातं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं २०१३ पासून सरकारी शाळांमध्ये तपासणीला जातात. त्यांच्या नोंदी शाळेत असतात. त्या आधी मागून घ्या. चष्मा लिहून दिला पण तो आणलाच नाही, असं मूल त्या नोंदींत हमखास सापडतं. त्याच्यासाठी संशोधन प्रकल्पाची गरज नाही, चष्म्याची आहे.

मग हजेरी. कापूस वेचणीच्या दिवसांत, काटोल-नरखेडकडे संत्र्याच्या तोड्याला, वीटभट्ट्यांवर कामाला आईबाप गेले की मोठं भावंड धाकट्याला सांभाळायला घरी राहतं किंवा सोबत जातं. हजेरीपटावरच्या महिन्यांकडे नजर टाकली की पाच मिनिटांत हे कळतं.

तिसरं कारण आपल्या विदर्भाचं: सिकलसेल, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकण्याचा आनुवंशिक आजार. वेदनेचा झटका आला की मूल आठवडाभर गायब, आणि परत आलं तरी रक्त कमी असल्याने वर्गात पेंगतं. २०२३ मध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. तपासणी झालेल्यांना कार्ड मिळतं. पालकांना ते कार्ड आहे का एवढं विचारलं तरी पुष्कळ उलगडा होतो. शिक्षणाच्या प्रश्नावर काम करणारे बहुतेक संशोधक इथे पोचतच नाहीत, कारण त्यांच्या प्रश्नावलीत रक्ताचा रकानाच नसतो.

चौथं, घरची भाषा. रामटेक तालुक्यात देवलापारच्या पट्ट्यात गोंडी घरांतून मुलं येतात आणि गोंडी ही द्राविडी कुळातली भाषा आहे. मराठीशी तिचं नातं शेजारधर्माचं, रक्ताचं नाही. उत्तर नागपुरात हिंदी, उर्दू, छत्तीसगढी घरं आहेत. मूल हुशार असतं, फक्त पुस्तक दुसऱ्याच भाषेत असतं.

पाचवं, शिकवणंच सुटलेलं. पहिलीत मात्रा राहिल्या, दुसरीत जोडाक्षरं राहिली आणि वर्ग मात्र पुढे सरकत गेला. ही मुलं संख्येने भरपूर, आणि त्यांचा प्रश्न त्यातल्या त्यात लवकर सुटणारा.

आणि सहावं, विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजे बुद्धी असूनही वाचन, लेखन किंवा गणित न जमणं; डिस्लेक्सिया हा त्यातलाच वाचनाचा प्रकार. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये जे २१ प्रकार आहेत, त्यात ही येते. ही शंका अगदी शेवटी घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. वरची पाच कारणं तपासल्याशिवाय मुलाला डिस्लेक्सियाचं नाव चिकटवणं म्हणजे शाळेला मोकळीक देणं. मात्र दोन कारणं एकाच मुलात असू शकतात, हेही विसरायचं नाही.

दुसरी पायरी: बैठक, पण पाच-सहा जणांचीच

वीस जण बोलावलेत तर स्वागतातच वेळ जाईल. मानसशास्त्र, भाषाशास्त्र किंवा मराठी, संख्याशास्त्र, वैद्यकीय महाविद्यालयाचा बालरोग किंवा मानसोपचार विभाग, आणि एक अध्यापक महाविद्यालय. एवढे पुरे. प्रत्येकी एकच माणूस, आणि तो स्वतः शाळेत जाणारा. ज्यांच्या नावाने काम होणार पण जे येणार नाहीत, त्यांना पत्राची प्रत पाठवा.

सहावी खुर्ची शिक्षकाची. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एखाद्या अनुभवी बाई किंवा केंद्रप्रमुख (आसपासच्या दहाएक शाळांवर देखरेख करणाऱ्या) पहिल्या बैठकीपासून हव्यात. त्या नसल्या की आपण असं वेळापत्रक आखतो, ज्यात पोषण आहाराच्या वेळेतच चाचणी येते. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेलाही, म्हणजे डाएटला, इथेच जोडून घ्या. तालुक्याच्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचं, म्हणजे दिव्यांग मुलांना बाकीच्यांसोबत शिकवण्याचं, काम बघणारे तज्ज्ञ आणि विशेष शिक्षक असतात. विद्यापीठातल्या मंडळींना त्यांचा पत्ताच नसतो आणि नेमकी तीच माणसं गावोगावच्या मुलांना नावानिशी ओळखतात.

समन्वयक कोण? ज्येष्ठतेने ठरवू नका. ज्याच्याकडे आठवड्याचा एक पूर्ण दिवस आहे, तो समन्वयक. पद हवं असेल त्यांना 'सल्लागार' करा, भांडण तिथल्या तिथे मिटतं.

विद्यापीठाच्या चौकटीत हे बसतं का, असा प्रश्न निघेलच. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा २०१६ मध्ये संशोधन मंडळ आहे, आजीवन अध्ययन व विस्तार मंडळही आहे. दुसऱ्याकडून गेलात तर शाळांतलं काम 'विस्तारकार्य' म्हणून सहज मान्य होतं. पहिल्याकडून गेलात तर निधी आणि शोधनिबंधाचा रस्ता मोकळा होतो. दोन्हीकडे एक-एक पानी टिपण द्या.

तिसरी पायरी: एकच केंद्र घ्या

इथे 'केंद्र' म्हणजे शाळांचं. एका केंद्रप्रमुखाच्या हाताखाली साधारण दहाएक शाळा असतात, महिन्यातून एकदा त्यांची शिक्षण परिषद भरते. ही बनी-बनाई रचना सोडून जिल्हाभर विखुरलेल्या शाळा निवडणं म्हणजे पेट्रोल जाळणं. हिंगणा, कामठी किंवा कळमेश्वर तालुक्यातलं एक केंद्र घ्या. शहरातला अनुभव हवा असेल तर सोबत महापालिकेच्या दोन-तीन शाळा घ्या. त्यात एखादी हिंदी किंवा उर्दू माध्यमाची असू द्या. देवलापारचा मोह होतो, आणि गरजही तिथेच जास्त आहे. पण शहरापासून साठ-पासष्ट किलोमीटर जाऊन आठवड्यातून चारदा वर्ग घेणं पहिल्या वर्षी झेपत नाही. तिथे दुसऱ्या वर्षी जा, आणि गोंडी बोलणारा सहकारी घेऊनच जा.

परवानगी: जिल्हा परिषदेच्या शाळांसाठी प्राथमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे, मनपाच्या शाळांसाठी मनपाच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे. अर्जासोबत चाचणीचा नमुना, पालकांच्या संमतीपत्राचा नमुना आणि वेळापत्रक जोडा. शिक्षकांना जादा माहिती भरावी लागणार नाही, हे पहिल्याच परिच्छेदात लिहा. ऑनलाइन माहिती भरून भरून ते आधीच वैतागलेले असतात.

कॅलेंडर मात्र नागपूरचं धरा. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्राच्या आठवडा-दोन आठवडे उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. जुलै प्रवेश आणि पुस्तकांत जातो. पोळा, दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा आणि मारबतीची मिरवणूक या दिवसांत चाचणी ठेवलीत तर रिकाम्या बाकांची घ्यावी लागेल. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असतं. त्या काळात शिक्षण खात्यातल्या कोणाचीही सही मिळेल अशी आशा धरू नका. म्हणून परवानगी जुलैत, पहिली चाचणी ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात, वर्ग सप्टेंबरपासून. दिवाळीनंतर गळती लागते, तेव्हा पुन्हा हजेरी बघा. शेवटची चाचणी मार्चच्या मध्याच्या आत उरका; त्यानंतर ऊन आणि वार्षिक परीक्षा दोन्ही सुरू होतात.

चौथी पायरी: एकच चाचणी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. प्रत्येक केंद्राची स्वतःची लाडकी चाचणी असते. मानसशास्त्रवाल्यांची बुद्ध्यांकाची, शिक्षणशास्त्रवाल्यांची संपादणुकीची, डॉक्टरांची छाननीची. सगळ्या घेतल्या तर मूल तीन तास बसून राहील आणि चौथ्या दिवशी शाळेतच येणार नाही. पहिल्या फेरीत दहा मिनिटांची एकच चाचणी असावी. 'असर' या, गावोगावी घरी जाऊन मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या सर्वेक्षणात २००५ पासून वापरली जाणारी पद्धत यासाठी बरी आहे: अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल जिथवर सहज पोचतं, ती त्याची पातळी. तिचा साचा घ्या, पण मजकूर स्वतः लिहा. बालभारतीच्या धड्यातली वाक्यं अजिबात नकोत. ती मुलांना पाठ असतात आणि पुस्तक उलटं धरूनही ती धडाधड म्हणून दाखवतात.

आता भाषाशास्त्राच्या माणसाची गरज कुठे लागते ते बघा. कागदावर वाक्य आहे: 'माळावर काळी गाय चरत होती.' एक मुलगी वाचते, 'मायावर कायी गाय चरत व्हती.' दुसरा मुलगा वाचतो, 'मा… ळ… वर… काळ… गाय… चर…' आणि थांबतो. प्रशिक्षण न घेतलेला तपासनीस दोघांच्याही पुढे चुका लिहितो. मुलीच्या तीन, मुलाच्याही तेवढ्याच. खरं तर मुलीने अचूक वाचलं. तिने प्रत्येक अक्षर ओळखलं, मात्रा लावल्या, अर्थ घेतला आणि घरच्या वऱ्हाडी वळणाने तो बोलून दाखवला. वऱ्हाडीत 'ळ'चा 'य' होतोच. भंडाऱ्याकडच्या झाडीबोलीत त्याच 'ळ'चा 'र' होतो. 'पाणी'चं 'पानी' तर निम्म्या वर्गात. मुलाचं मात्र वेगळं आहे: त्याला मूळ अक्षरं येतात, काना-वेलांटी सुटतेय. एकीला मदतीची गरज नाही, दुसऱ्याला मात्रांपासून सुरुवात हवी. हा फरक चाचणीच्या कागदावरच लिहिलेला पाहिजे. बोलीतल्या उच्चारांची एक यादी करून ती तपासनिसांना द्या. ते उच्चार चूक धरायचे नाहीत.

देवनागरीची स्वतःची अडचणही ध्यानात ठेवा. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी लिहितो आणि नंतर उच्चारतो. रफार वर बसतो, पण वाचायचा आधी. जोडाक्षरात अर्धं अक्षर रूप बदलतं. इंग्रजीसाठी बनवलेल्या वाचनचाचण्यांची भाषांतरं यातलं काहीच पकडत नाहीत. म्हणून शब्दांचे गट वेगळे पाडा: बिनमात्रेचे, काना-मात्रेचे, वेलांटीचे, जोडाक्षरांचे. मूल कुठे अडखळतं ते गटावरून कळतं आणि दुसऱ्या दिवशी काय शिकवायचं तेही.

गणितात एकच उदाहरण सांगतो. ५२ वजा २७. एका मुलाचं उत्तर ३५, दुसऱ्याचं ७९, तिसऱ्याचं २४. तिन्ही चूक. पण पहिल्याने प्रत्येक घरात लहान आकडा मोठ्यातून वजा केला, म्हणजे हातचा घेणं त्याला कळलेलं नाही; दशक म्हणजे काय इथूनच त्याला शिकवायला हवं. दुसऱ्याने बेरीज केली, त्याला चिन्हाकडे बघायला शिकवा. तिसऱ्याला सगळं येतं, बोटांवर मोजताना एक घसरला. म्हणून उत्तरपत्रिकेत 'बरोबर-चूक' असा रकाना ठेवू नका. मुलाने लिहिलेलं उत्तर जसंच्या तसं उतरवा.

चाचणी घेणाऱ्यांचं प्रशिक्षण अर्ध्या दिवसाचं, पण खरोखरचं. दहा मुलांच्या वाचनाच्या ध्वनिफिती (परवानगी घेऊन केलेल्या) सगळ्यांना ऐकवा, प्रत्येकाने स्वतंत्रपणे पातळी लिहायची, मग जुळवायचं. मानसशास्त्राचा विद्यार्थी आणि बीएडची विद्यार्थिनी यांची पातळी दहापैकी नऊ वेळा जुळेपर्यंत शाळेत जायचं नाही. आणि चाचणी मुलाशेजारी सतरंजीवर बसून घ्यायची, वर्गापासून बाजूला. टेबलापलीकडे बसलेल्या अनोळखी माणसासमोर चांगलं वाचता येणारं मूलही अडखळतं.

पाचवी पायरी: संमती आणि नावं

संशोधन नैतिक आहे ना हे तपासणारी नीतीसमिती कोणाची? प्रत्येक संस्था म्हणते, आमचीही मंजुरी लागेल, आणि चार समित्यांत सहा महिने जातात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत अनेक केंद्रांच्या अभ्यासासाठी सामाईक परीक्षणाची सोय आहे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या समितीला प्रमुख करा आणि बाकीच्यांनी तिचा निर्णय मानावा, असं पहिल्याच बैठकीत ठरवून घ्या.

पालकांची लेखी संमती लागतेच. मुलाचीही लागते: त्याच सूचनांनुसार ७ ते १२ वर्षांच्या मुलांची तोंडी, त्यापुढे लेखी. संमतीपत्र साध्या मराठीत, एका पानाचं. ते शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत वाचून दाखवा. दप्तरातून घरी पाठवलेला कागद दप्तरातच राहतो. 'नाही' म्हणणाऱ्या पालकाच्या मुलालाही वर्गातली मदत मिळणार, फक्त त्याची नोंद संशोधनात जाणार नाही, हे स्पष्ट सांगा आणि पाळा.

यादीत नावाऐवजी क्रमांक. नाव आणि क्रमांक जुळवणारी वही मुख्याध्यापकांच्या कपाटात, विद्यापीठात नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती बालक आहे आणि तिची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. मुलांच्या याद्या व्हॉट्सॲपच्या गटावर फिरवायची आपली सवय इथे मोडावी लागेल.

सहावी पायरी: वर्गात कोण जाणार

प्राध्यापक रोज जाणार नाहीत, हे गृहीत धरा. पण मनुष्यबळ आहे. दोन वर्षांच्या बीएडमध्ये शालेय आंतरवासिता वीस आठवड्यांची असते. पदवीच्या नव्या अभ्यासक्रमात क्षेत्रप्रकल्प आणि समाजसहभागासाठी श्रेयांक (क्रेडिट) आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेची पथकं जवळपास प्रत्येक महाविद्यालयात आहेत. यांना एक दिवसाच्या शिबिरासाठी वापरू नका. एक विद्यार्थी, एक शाळा, पूर्ण सत्र, आठवड्यातून चार दिवस रोज एक तास, अशी बांधणी करा आणि तेवढ्याचे श्रेयांक द्या. श्रेयांक नसले तर दिवाळीनंतर कोणी येत नाही. सगळ्यांच्याच परीक्षा असतात.

त्या तासात इयत्ता विसरायची. तिसरी, चौथी, पाचवीची मुलं पातळीनुसार बसतील: अक्षरवाली एकत्र, शब्दवाली एकत्र, परिच्छेदवाली एकत्र. मुंबई आणि वडोदऱ्यात 'बालसखी' नावाने चाललेल्या कामाचा अभ्यास अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डुफ्लो आणि ली लिंडन यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केला. तिथे वस्तीतल्याच तरुण मुली मागे पडलेल्या मुलांना रोज दोन तास वेगळं घेत. पहिल्या वर्षी सरासरी गुणांत ०.१४ आणि दुसऱ्या वर्षी ०.२८ प्रमाण विचलन (मुलांचे गुण सरासरीभोवती किती पसरलेले आहेत, त्याचं माप) एवढी वाढ दिसली. ज्यांना डॉक्टरेटधारकच लागतात असं वाटतं, त्यांनी हे लक्षात घ्यावं. पण त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आहे, जी भाषणांत कोणी सांगत नाही: काम थांबल्यावर वर्षभराने ती वाढ सुमारे ०.१ पर्यंत उतरली. त्यामुळे थांबायचं कसं, याचा विचार सुरुवातीलाच करावा लागतो. त्यावर शेवटी येतो.

तंत्रज्ञानाबद्दल दोन वाक्यं. व्हीएनआयटी किंवा बुटीबोरीजवळच्या ट्रिपल आयटी या माहिती तंत्रज्ञान संस्थेतल्या मित्रांना पहिल्याच वर्षी ॲप बनवायची घाई असते. त्यांना म्हणावं, आधी चार दिवस सतरंजीवर बसा. प्रौढांच्या प्रमाण मराठीवर तयार झालेली आवाज ओळखणारी प्रणाली आठ वर्षांच्या मुलाचं 'कायी गाय' चूकच धरणार. त्यांच्याकडून सध्या एकच मागा: बिननेटचं, साधं, क्रमांकावर चालणारं नोंदपत्रक.

सातवी पायरी: फरक पडला हे कसं कळणार

ऑगस्टमध्ये तळाशी असलेली मुलं निवडली आणि मार्चमध्ये पुन्हा तपासली, तर आपण काहीही केलं नसतं तरी त्यातली बरीच वर सरकलेली दिसतील. ऑगस्टच्या त्या दिवशी कोणी तापाने फणफणलेलं होतं, कोणी घाबरलेलं होतं, कोणी सकाळी मार खाऊन आलं होतं. अशी मुलं योगायोगाने तळाशी आलेली असतात आणि पुढच्या वेळी आपोआप आपल्या जागी परततात. शिवाय सहा-सात महिन्यांत शाळाही काहीतरी शिकवतेच. हे सगळं आपल्या खात्यावर जमा करून अहवाल लिहिणारे प्रकल्प मी पुष्कळ वाचले आहेत.

यासाठी संख्याशास्त्राचा माणूस पहिल्या दिवसापासून हवा, शेवटी सारण्या करायला नव्हे. नैतिकदृष्ट्या कोणालाच वंचित न ठेवणारा सोपा मार्ग आहे: केंद्रातल्या दहा शाळांच्या चिठ्ठ्या टाका. पाच शाळांत वर्ग या वर्षी, उरलेल्या पाचांत पुढच्या वर्षी. चाचणी मात्र दहाही शाळांत, एकाच आठवड्यात. चिठ्ठ्या शिक्षण परिषदेत सर्वांसमोर काढा, म्हणजे 'त्यांनाच का' हा प्रश्न उरत नाही. दहा शाळा आकडेमोडीला थोड्याच आहेत, पण पहिल्या वर्षी एवढंच नीट जमलं तरी पुढच्या वर्षी दुसरं केंद्र जोडायला आधार मिळतो. शेवटची चाचणी त्या शाळेत न शिकवणाऱ्याने घ्यावी. स्वतः शिकवलेल्या मुलाला अर्धा मार्क जास्त देण्याचा मोह प्रत्येकाला होतो.

आठवी पायरी: डॉक्टरांकडे कोण, कधी

सत्रभर रोज तासभर मदत मिळूनही जे मूल जागचं हललं नाही, आणि ज्याचे डोळे-कान, हजेरी, घरची भाषा आपण बघितली आहे, ते आता पुढे पाठवायचं. छाननीसाठी मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेलं 'डाली' हे साधन मराठीतही आहे. मात्र त्यालाही चौथ्या पायरीतला बोलीचा नियम लावा. प्रमाणपत्र मात्र शासकीय वैद्यकीय मंडळच देतं, आणि त्यासाठी मुलाला ८ वर्षं पूर्ण झालेली लागतात. बुद्ध्यांकाच्या चाचणीसोबत बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेची चाचणीमाला घेतली जाते, एका फेरीत हे आटोपत नाही. प्रमाणपत्राचा उपयोग खरा आहे: दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक यांसारख्या सवलती त्यावर मिळतात.

अडचण असते ती फेऱ्यांची. उमरेडकडची आई मुलाला घेऊन मेडिकलला येते, त्या दिवसाची मजुरी बुडते, रांग संपेपर्यंत ओपीडी बंद होते, 'पुढच्या मंगळवारी या' असं ऐकून ती परतते आणि पुन्हा येत नाही. सहकार्याचा सगळ्यात मोठा उपयोग मला इथे दिसतो. बालरोग, मानसोपचार, नेत्र आणि कान-नाक-घसा या चार विभागांकडून महिन्यातली एक ठरलेली सकाळ मागून घ्या. दहाच मुलं, आधी पाठवलेली यादी, सोबत विद्यापीठातला एक विद्यार्थी जो केसपेपर काढतो आणि एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेतो. प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात पालकांचा एसटीचा खर्च आणि बुडालेली रोजी हे दोन रकाने घाला. निधी देणाऱ्याने विचारलं तर ठामपणे समर्थन करा. संगणकावरचा खर्च निम्मा केला तरी चालेल.

पैसा, करार, श्रेय

हे उरकून घेऊ. पैसा एकाच संस्थेच्या खात्यात असावा आणि ती संस्था प्रवासखर्चाची बिलं सगळ्यात लवकर काढणारी असावी. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेकडे अर्ज करायचा असेल तर पहिल्या सत्राची नोंदवही हातात आल्यावर करा. अर्जात वजन येतं. करार आता करा, एका सत्राचं काम झाल्यावर, म्हणजे त्यात काय लिहायचं हे माहीत असतं: माहिती कोणाकडे राहील, ती कोण वापरेल, एखादं केंद्र मध्येच बाहेर पडलं तर त्याची मुलं कोणाकडे जातील. शोधनिबंधावरच्या नावांचा क्रमही लिहून ठेवा. ज्या शिक्षिकेने वर्षभर नोंदी ठेवल्या, तिचं नाव आभारात न ढकलता लेखकांत घ्या. तिची परवानगी घेऊन, अर्थात.

मार्च संपताना

शेवटची चाचणी झाली की विद्यापीठाची मंडळी आकडेवारीत बुडतात आणि शाळेला विसरतात. नेमकी याच वेळी एक गोष्ट करायची असते. जिल्हा परिषदेच्या अनेक शाळा चौथीपर्यंतच आहेत. पाचवीला मूल दुसऱ्या शाळेत जातं आणि तिथल्या शिक्षकाला ते कोरं दिसतं. म्हणून प्रत्येक मुलाचं अर्ध्या पानाचं पत्रक करा: ऑगस्टला कुठे होतं, मार्चला कुठे आलं, कशाने हललं, कशाने नाही, चष्मा किंवा सिकलसेल कार्ड आहे का, दवाखान्यातली कोणती तारीख बाकी आहे. 'मंद', 'अक्षम' असले शब्द त्यात नकोत. पालकांना एक प्रत द्या आणि वाचून दाखवा. दुसरी, पालकांच्या परवानगीने, शाळा सोडल्याच्या दाखल्यासोबत जाईल.

मुख्याध्यापकांच्या कपाटातली नाव-क्रमांकाची वही उन्हाळ्यात तिथेच राहू द्या. जून अखेर शाळा उघडल्यावर पहिल्या शिक्षण परिषदेत केंद्रप्रमुखांना दहा मिनिटं मागून घ्या आणि कोणतं मूल कोणत्या शाळेत गेलं ते एकेका क्रमांकापुढे लिहून काढा. जी सापडणार नाहीत, त्यांची वेगळी यादी करून ती शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणासाठी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे त्याच दिवशी द्या.